रागाला मागणी हवी

प्रश्न असा आला आहे: "मी ३४ वर्षांची आहे. अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात नऊ वर्षं काम करते. ज्या मुलाला मी हाताला धरून काम शिकवलं, त्याला यंदा सेक्शन इन्चार्ज केलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून मी आतून पेटलेली आहे. पण या रागामुळेच मी रात्री बसून इंटर्नल ऑडिटरच्या परीक्षेचा अभ्यास करते, जो मी कित्येक वर्षं पुढे ढकलत होते. नवरा म्हणतो, 'सोडून दे ना आता.' मोठ्या जाऊबाई म्हणतात, 'क्रोध हा षड्रिपूंतला एक, इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जाऊन ये, मन शांत होईल.' मला मात्र शांत होण्याचीच भीती वाटते. राग गेला तर माझी ताकदही जाईल का?"

ताई, तुमची भीती खरी आहे. मी नाशकात समुपदेशनाचं काम करते. राग 'घालवायला' आलेली माणसं मला रोज भेटतात. राग ठेवावा का, असं विचारणारं क्वचितच कुणी येतं. राग घाईने विझवला की त्याच्याबरोबर उठून काही करण्याची तडफही विझते, हे मी पाहिलं आहे. राग वर्षानुवर्षं पोटात ठेवला की तो झोप, भूक आणि घरातली माणसं सगळ्यांना पोखरतो, हेही पाहिलं आहे. यातलं काय होणार हे राग किती मोठा आहे यावर ठरत नाही. त्या रागाला मागणी आहे की नाही, यावर ठरतं. कुणाकडून, नेमकं काय, कधीपर्यंत हवं आहे, हे ज्याला सांगता येतं त्याचा राग कामाला लागतो. ज्याला सांगता येत नाही त्याचा राग घरभर फिरतो आणि समोर जो दुबळा सापडेल त्याच्यावर कोसळतो. ऑफिसातला राग पोरांच्या पाठीत, सासरचा राग भांड्यांवर. वड्याचं तेल वांग्यावर.

तुम्हाला रात्री अकरा वाजता पुस्तक उघडण्याची ताकद कुठून येते, ते आधी सांगते. राग आला की अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, स्नायू ताठरतात. भीती वाटते तेव्हाही शरीरात जवळपास हेच घडतं. पण भीती माणसाला मागे ओढते आणि राग पुढे ढकलतो. एडी हार्मन-जोन्स या मानसशास्त्रज्ञाने मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या, तेव्हा रागावलेल्या माणसांच्या मेंदूचा पुढचा डावा भाग उजव्यापेक्षा जास्त सक्रिय दिसला. तोवर साधारण समजूत अशी होती की डावी बाजू सुखद भावनांची आणि उजवी दुःखद भावनांची. राग या मांडणीत बसेना. भावना अप्रिय, पण ओढ मात्र पुढे जाण्याची, काहीतरी मिळवण्याची. उत्साहात मेंदूचा जो भाग जागा होतो तोच रागातही होतो, हे कळलं की तुमच्या अभ्यासाचं नवल वाटत नाही.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या हीदर लेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये या विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. राग आणवलेल्या लोकांनी, मन तटस्थ असलेल्या लोकांपेक्षा अवघड कोडी जास्त सोडवली आणि अवघड उद्दिष्टं जास्त गाठली. काम सोपं असेल तर रागाचा असा फायदा दिसला नाही. म्हणजे वाटेत धोंड असेल तेव्हाच राग उपयोगाचा. पण त्याच प्रयोगांतल्या एकात रागावलेल्यांनी जिंकण्यासाठी लबाडीही जास्त केली. हे तुम्ही मनात ठेवा, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे. राग माणसाला नुसता पुढे ढकलतो. कोणत्या वाटेने जायचं याची त्याला पर्वा नसते, ती तुम्हालाच करावी लागते.

जाऊबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. क्रोधाने माणसाची बुद्धी फिरते, हे आपल्या वाडवडिलांनी उगाच म्हटलेलं नाही. पण त्याच परंपरेत दुसरा आवाजही आहे. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला प्रल्हाद आणि बळी यांचा संवाद ऐकवते. सदासर्वदा क्रोध बरा नाही आणि सदासर्वदा क्षमाही बरी नाही, असं प्रल्हाद नातवाला सांगतो. जो कायम क्षमाच करतो त्याला नोकरचाकरही जुमानत नाहीत. युधिष्ठिर यावर क्षमेची थोरवी गातो आणि दोघांचा वाद रंगतो. म्हणजे तुमच्या घरात जे चाललंय ते नवीन नाही. एक मात्र मला स्पष्ट सांगायचं आहे: आपल्याकडे 'राग सोड' हा सल्ला ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच आधी मिळतो, आणि ती बाई असेल तर हमखास. साहेब ओरडला तर तो कडक, तेच बाईने आवाज चढवला तर ती चिडकी. पिढ्यान् पिढ्या आपण मुलींना मूग गिळून बसायला शिकवत आलो आणि त्याला समंजसपणा म्हणत आलो. याची मला चीड आहे आणि ती मी लपवत नाही.

दुसरा सल्लाही तुम्हाला कुणी ना कुणी देईलच: वाफ काढून टाक. माणूस म्हणजे प्रेशर कुकर, शिट्टी झाली की दाब उतरतो, अशी ही समजूत आहे. उशीला बुक्के मारा, एकांतात ओरडा, मैत्रिणीला फोन करून तासभर त्या माणसाला शिव्या घाला. हे बहुतेक वेळा चालत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात १५४ अभ्यास आणि १० हजारांहून अधिक माणसं धरलेली होती. शरीराची धडधड उतरवणारे उपाय, म्हणजे संथ श्वास, ध्यान, अंग सैल सोडणं, योगासनं, यांनी राग कमी झाला. वाफ काढणाऱ्या उपायांनी झाला नाही. नुसतं धावण्याने तर काही अभ्यासांत तो वाढलेला दिसला. त्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून बुक्के मारले तर आपण रागाचा रियाजच करत असतो. म्हणून तुम्हाला मी शिट्टी द्यायला सांगणार नाही आणि झाकण घट्ट दाबायलाही सांगणार नाही.

मग करायचं काय? आपण नाशिककर आहोत, आपल्याला याचं उत्तर गावातच सापडतं.

६ मार्च २०१८ रोजी सीबीएस चौकातून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च अनेकांना आठवत असेल. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे हजारो आदिवासी शेतकरी, बायका, म्हातारी माणसं, कित्येकांच्या पायांत धड चपला नाहीत, कसारा घाट उतरून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला गेले. वनहक्क कायदा २००६ चा, आणि २०१८ उजाडलं तरी कसत्या जमिनीचा कागद हातात नाही, हा त्यांचा राग. तो लहानसहान नव्हता. पण त्याला मागण्या होत्या, आणि त्या कागदावर उतरवलेल्या होत्या. ११ तारखेला मोर्चा सायनच्या सोमय्या मैदानावर पोचला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी निघालो तर रस्ते अडतील, पोरांचा पेपर चुकेल, म्हणून दिवसभर चालून पायाला फोड आलेली ती माणसं रात्रीच पुन्हा उठली आणि पहाटेपर्यंत आझाद मैदानात जाऊन बसली. सरकारने त्याच दिवशी बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या. अंमलबजावणीसाठी २०१९ आणि २०२३ मध्ये पुन्हा मोर्चे काढावे लागले, तेही त्यांनी काढले. रागावलेला माणूस आंधळा होतो, असं मला कुणी सांगितलं की मी त्या रात्रीच्या चालण्याची आठवण देते. सात दिवसांच्या रागात त्यांना मुंबईतल्या अनोळखी मुलांची परीक्षा दिसत होती. कारण राग कुणावर आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ती मुलं त्यात नव्हती.

त्याहून जुनं आणि माझ्या मते याहूनही खोल उदाहरण पंचवटीतलं आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो नाशकात वर्षानुवर्षं चालवला. मार खाल्ला, तुरुंगवास भोगला, पण शिस्त सोडली नाही. मंदिराचे दरवाजे त्या काळात उघडले नाहीत. मग तो राग वाया गेला का? १९३४ मध्ये गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी याचं उत्तर दिलं आहे. दलितांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून आपण हा सत्याग्रह केलेला नव्हता. त्यांच्यात चेतना यावी, स्वतःच्या स्थितीची त्यांना जाणीव व्हावी, यासाठी तो सर्वांत चांगला मार्ग वाटला, असा त्याचा आशय आहे. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. समोरच्याने मागणी नाकारली म्हणून राग विझला नाही आणि हिंसेलाही गेला नाही. त्याने मागणीच बदलली, आणि ती मोठी केली.

तुमची बढती आणि हा इतिहास एका तराजूत घालायचा नाही, हे मला कळतं. पण रागाचं काम कसं चालतं हे तिथे मोठ्या अक्षरांत वाचता येतं. राग आधी आपल्याला जागं करतो. मग तो मागणी मागतो. मागणी दिली नाही तर आपल्यालाच खायला उठतो.

आता लहान अक्षरांतलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

निफाडकडचा एक द्राक्षबागाईतदार तरुण बायकोने आणला म्हणून माझ्याकडे आला होता. व्यापाऱ्याने बागेत येऊन सौदा केला, खुडा झाला, माल गेला, हातात दिलेला चेक वटला नाही आणि व्यापाऱ्याचा फोन बंद. आपल्या जिल्ह्यात हे किती घरांत झालं आहे, सांगायला नको. खरड छाटणी तोंडावर, मजुरांचे पैसे द्यायचे, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. हा गडी दिवसभर गप्प, आणि संध्याकाळी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिंतीवर. माझ्यासमोर बसला तेव्हा त्याच्या बोलण्यात एकच वाक्य फिरून फिरून येत होतं: "त्याला सोडणार नाही." मी विचारलं, "सोडणार नाही म्हणजे काय करणार?" त्याला सांगता येईना. "चेक कधी परत आला?" आठवेना. "बँकेचा मेमो कुठे आहे?" घरी, गाडीच्या कागदांत.

त्या दिवशी मी त्याला रागाबद्दल फार काही सांगितलं नाही. कायदा सांगितला. चेक न वटल्याचा मेमो हातात पडल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला समोरच्याला १५ दिवस मिळतात. त्यानंतर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. ही मुदत चुकली की खटला अडचणीत येतो. तो खुर्चीत ताठ बसला. पहिल्यांदा त्याच्या रागाला तारीख मिळाली होती. दुसऱ्याच दिवशी त्याने मेमो शोधला, वकील गाठला, वजनकाट्याच्या पावत्या गोळा केल्या. मग त्याच व्यापाऱ्याने बुडवलेले शेजारच्या गावातले बागाईतदार शोधून काढले आणि सगळे मिळून पोलिसांत गेले. पैसे पूर्ण मिळाले असं नाही. पण मीठ कमी पडल्याचं भांडण त्या आठवड्यात थांबलं, हे त्याच्या बायकोने मला सांगितलं. राग तेवढाच होता, पण आता तो योग्य पत्त्यावर जात होता.

दुसरी, खाजगी रुग्णालयातली एक नर्स. तिला सारख्या नाइट लागत होत्या, तक्रार केली की टोमणे. तिने रागाच्या भरात चार पानी पत्र लिहून आणलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ते द्यायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, देऊया, फक्त आधी लाल पेनने वाचूया. जिथे विशेषण असेल तिथे रेघ मारायची. "अत्यंत अपमानास्पद", "जाणूनबुजून", "कायम", "नेहमीच माझ्याच बाबतीत". तिचा हात प्रत्येक रेघेला थांबत होता, कारण ती विशेषणं खोटी नव्हती, तिने ती भोगलेली होती. पान संपेपर्यंत एक वाक्य जेमतेम शिल्लक राहिलं. मग मी ड्यूटी चार्ट मागितला. तिच्या मोबाइलमध्ये दर महिन्याचा फोटो होता. त्यातून तिच्या आणि इतर सगळ्यांच्या नाइट तारखांसह मोजल्या आणि शेजारी शेजारी मांडल्या. खाली मागणी एकच: पुढच्या महिन्यापासून नाइटची पाळी सगळ्यांना सारखी लावावी, आणि चार्ट आठ दिवस आधी लावावा. चार पानांचं पाऊण पान झालं. ती म्हणाली, "मॅडम, यात राग दिसतच नाही." मी म्हटलं, आकड्यांकडे बघ. मेट्रनला ते आकडे नाकारता आले नाहीत.

ताई, आता तुमच्याकडे येते.

पहिलं काम: हा राग अन्यायाचा आहे की नुसता मानभंगाचा, हे स्वतःशी तपासा. मी एक साधा प्रश्न विचारायला सांगते. हेच तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीच्या बाबतीत घडलं असतं, तर तुम्हाला राग आला असता का? आला असता, तर त्यात अन्याय आहे आणि तो मांडण्यासारखा आहे. "तिच्या बाबतीत चाललं असतं, माझ्या बाबतीत कसं?" असं मन म्हणत असेल, तर जखम अहंकाराची आहे. तीही जखमच, पण तिच्यावर उपाय वेगळा, आणि एचआरच्या दारात तो मिळत नाही. बहुतेकांच्या रागात दोन्ही मिसळलेलं असतं. अर्जात फक्त पहिलं जायला हवं.

दुसरं: राग कुणावर? तुमच्या पत्रात त्या मुलाचा उल्लेख सगळ्यात आधी आहे. पण निर्णय त्याने घेतलेला नाही. त्याला बढती मिळाली आणि त्याने ती घेतली, तुम्हीही घेतली असती. निर्णय प्लँट हेडचा किंवा त्या वरच्या कुणाचा. मात्र रोज समोर दिसतो तो मुलगा, म्हणून राग त्याच्याकडे वळतो. लबाडीचा धोका मी वर सांगितला तो इथेच. त्याच्या रिपोर्टमधली चूक दिसली तरी गप्प बसावंसं वाटेल, कस्टमरच्या ऑडिटच्या दिवशी एखादी फाइल सापडू नये असं वाटेल. असा विचार मनात आला म्हणून स्वतःला दोष देऊ नका, रागात तो सगळ्यांनाच येतो. पण तसं पाऊल उचलू नका. नऊ वर्षांत तुम्ही कमावलेली पत हीच तुमच्या मागणीची सगळ्यात मोठी बाजू आहे.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: राग ताजा आहे तोवर मागणी कागदावर उतरवा. महिनाभर थांबलात तर राग तसाच राहील आणि तपशील मात्र पुसट होतील. एका बाजूला तुमची कामं तारखांसह लिहा. कोणत्या कस्टमर कम्प्लेंट तुम्ही मिटवल्या, रिजेक्शन कुठून कुठे आणलं, कोणाकोणाला ट्रेनिंग दिलं. अप्रेझलचे कागद काढा. मग मागणी. मला तीन वाक्यं पुरेशी वाटतात: या बढतीचे निकष काय होते, ते मला सांगावेत. त्या निकषांवर माझी बाजू कुठे कमी पडली, ते लेखी द्यावं. पुढची जागा कधी निघेल आणि त्यासाठी माझा विचार होईल का, ते अमुक तारखेपर्यंत कळवावं. त्या मुलाचं नाव कुठेही नाही. "अन्याय" हा शब्दही नाही. वाचणाऱ्याला तो स्वतःच दिसायला हवा.

उत्तर 'नाही' आलं तर? येऊ शकतं. त्या वेळी लगेच राजीनामा लिहू नका. जेनिफर लर्नर आणि डॅकर केल्टनर यांच्या २००१ मधल्या अभ्यासात दिसलं होतं की भ्यालेल्या माणसाला धोके मोठे दिसतात आणि रागावलेल्याला लहान. रागात दिलेला राजीनामा शूर वाटतो, आणि घराचा हप्ता पहिल्या तारखेला तसाच उभा असतो. आधी परीक्षा द्या, सर्टिफिकेट हातात घ्या, सातपूर-अंबड-सिन्नरच्या पट्ट्यात चार ठिकाणी चौकशी करा. मग मागणी बदला. तो अधिकार तुमचा आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, राग गेला तर ताकद जाईल का. याची परीक्षा अशी घ्या. कल्पना करा, तो मुलगा उद्या कंपनी सोडून पुण्याला गेला. रात्री अकराला तुम्ही पुस्तक उघडाल का? "हो" असं उत्तर आलं, तर रागाने त्याचं काम केलेलं आहे. पुढचा अभ्यास आता तुमच्या स्वतःच्या आवडीवर चालेल, राग कमी झाला तरी बंद पडणार नाही. "नाही" आलं, तर ही परीक्षा अजून तुम्ही त्याला दाखवून देण्यासाठी देत आहात. तसं चालू ठेवायला हरकत नाही, इरेला पेटून माणसं डोंगर चढली आहेत. पण मग निकाल लागल्यावर हाती काय लागेल, याचा विचार आताच करा. दाखवून देण्यासाठी केलेल्या कामाचा आनंद ज्याला दाखवायचं त्याच्या चेहऱ्यावर अवलंबून असतो, आणि त्याचं कदाचित लक्षही नसतं.

रात्री पुस्तक उघडलंय पण डोक्यात तेच एक वाक्य फिरतंय, नवा तपशील काही येत नाही, पान उलटत नाही, असं झालं की समजा, हा राग आता काम करत नाही, नुसता रवंथ चाललाय. तेव्हा पुस्तक मिटा. पाच मिनिटं श्वास सावकाश करा, आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या, आणि झोपा. वर म्हटलेल्या धडधड उतरवणाऱ्या उपायांची जागा इथे आहे.

काही गोष्टी मात्र चालढकल न करता दाखवायच्या. रागात हात उचलला जातो, वस्तू फुटतात, मुलं तुमची चाहूल लागली की गप्प होतात, राग शांत करायला दारू लागते, छातीत दुखतं किंवा बीपी चढलेलं आहे, किंवा कारण नसताना दोन आठवडे सतत चिडचिड आणि झोप उडालेली आहे, तर थेट डॉक्टरांकडे जा. नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात येतं, थायरॉइडचाही त्यात हात असू शकतो. रागाचा मोठा स्फोट झाल्यावर पुढचे दोन तास हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढलेला असतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. आधीच हृदयाचा त्रास असलेल्यांनी हे विसरू नये. जवळ कुणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि हे वाचणाऱ्या एखाद्या ताईचा राग मारहाण करणाऱ्या माणसावर असेल, तर वर लिहिलेलं मागणीचं पत्र तिने त्याच्या हातात देऊ नये. तिथे आधी सुरक्षित जागा, मग १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस मदत), मग बाकीचं. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ होत असेल तर २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते. त्या रागालाही मुदत आहे.

राहिले घरचे. नवऱ्याला "सोडून दे" म्हणावंसं वाटतं, कारण तुमचा राग त्याला रोज दिसतो आणि त्यावर त्याला काही करता येत नाही. त्याला काम द्या. अर्ज वाचायला द्या, विशेषणं शोधायला सांगा, परीक्षेच्या आठवड्यात मुलांचा अभ्यास त्याच्याकडे सोपवा. माणसाला हाताला काम मिळालं की उपदेश कमी होतो. आणि जाऊबाईंना सांगा की इगतपुरीला मी जाणार आहे. तिथल्या धम्मगिरी विपश्यना केंद्रात जाऊन आलेली अनेक माणसं माझ्या ओळखीची आहेत, आणि दहा दिवसांच्या मौनाने त्यांना जे मिळालं त्याचा मला आदर आहे. फक्त जायचं ते अर्ज दिल्यावर. आधी गेलात तर परत आल्यावर तोच मुलगा त्याच खुर्चीत असेल, आणि तुम्ही काही मागितलेलं नसेल.

अर्ज मेलवर पाठवा, म्हणजे तारीख राहते, आणि सोबत प्लँट हेडची भेट मागा. भेट महिनाअखेरीच्या डिस्पॅचच्या गडबडीत नको, पहिल्या आठवड्यात सकाळची घ्या. जाताना अप्रेझलचे कागद आणि ती कामांची यादी सोबत ठेवा. आवाज चढतोय असं वाटलं तर कागदाकडे बघून पुढचा मुद्दा वाचा. ते काय म्हणाले ते बाहेर आल्याबरोबर लिहून काढा, आणि त्याच दिवशी "आज आपलं असं बोलणं झालं" असा दोन ओळींचा मेल त्यांना करा.